एकापासून उत्पत्ती: मोनोजेनेसिस या एका शब्दाचे तीन अर्थ

जून २०२३ मध्ये कोस्टा रिका या मध्य अमेरिकेतील देशातल्या एका मगरीची बातमी जगभर पोहोचली. तेथील रेप्टिलँडिया या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या उद्यानात ही मादी दोन वर्षांची असताना आणली गेली आणि पुढची सोळा वर्षे ती एकटीच राहिली. या काळात तिचा कोणत्याही नराशी संबंध आला नाही. तरीही जानेवारी २०१८ मध्ये तिने १४ अंडी घातली. त्यांपैकी ७ अंडी फलित असावीत असे वाटल्याने ती उबवणीसाठी ठेवण्यात आली. त्यांतून पिल्ले बाहेर आली नाहीत, परंतु अंडी उघडून पाहिली तेव्हा एका अंड्यात पूर्ण घडलेले, मात्र मृत, मादी पिल्लू आढळले. त्याची जनुके तपासली असता ती आईच्या जनुकांशी ९९.९ टक्के जुळणारी निघाली. या पिल्लाला बाप नव्हता.

ही बातमी वाचून अनेकांच्या मनात एकामागोमाग एक प्रश्न उभे राहिले. नराशिवाय संतती होऊ शकते, तर माणसातही होईल का? सर्व सजीव एकाच पूर्वजापासून आले असे शाळेत शिकवतात, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? अधिक माहितीसाठी कोणी जीवशास्त्राचा कोश उघडला, तर ‘मोनोजेनेसिस’ या नोंदीखाली या सगळ्याच गोष्टी दाटीवाटीने बसलेल्या दिसतात आणि गोंधळ कमी होण्याऐवजी वाढतो.

शब्द एक, प्रश्न तीन

मोनोजेनेसिस म्हणजे एकापासून उत्पत्ती. मराठीत त्याला एकोद्भव म्हणता येईल. एवढ्या अर्थावर थांबले की शब्द सोपा वाटतो. पण ‘एक’ म्हणजे एक काय, हे त्यात सांगितलेलेच नाही. जीवशास्त्रज्ञांनी तो शब्द तीन निरनिराळ्या संदर्भांत वापरला. पहिल्या संदर्भात ‘एक’ म्हणजे एक जनक: नर-मादीच्या मीलनावाचून, एकाच जिवापासून होणारी संतती. दुसऱ्या संदर्भात ‘एक’ म्हणजे एक पूर्वज: सर्व सजीव, किंवा सर्व माणसे, एकाच मुळापासून आली आहेत हे मत. तिसऱ्या संदर्भात ‘एक’ म्हणजे आयुष्याचा एकच सरळ मार्ग: अंड्यातून निघालेला जीव मध्ये निराळ्या पिढ्या किंवा निराळी रूपे न घेता आपल्या जनकासारखाच होतो, अशी वाढ.

हे तीन अर्थ एकमेकांवर अवलंबून नाहीत. पहिला खरा असल्यामुळे दुसरा सिद्ध होत नाही, आणि दुसरा मान्य केला म्हणून तिसऱ्याबद्दल काही कळत नाही. बातम्यांमध्ये आणि वादविवादांत होणारी बरीचशी गफलत हे अर्थ एकमेकांत मिसळल्यामुळे होते, असे माझे मत आहे. म्हणून ते एकेक करून पाहू.

नराविना संतती: मावा, मधमाशी आणि वाळा

एकाच जनकापासून होणाऱ्या प्रजननाला अलैंगिक प्रजनन म्हणतात. जिवाणू दुभंगून दोन होतात, हायड्राच्या अंगावर कळी फुटून नवा हायड्रा तयार होतो, केळीच्या कंदाला फुटवा येतो. हे प्रकार ओळखीचे असल्यामुळे त्यांचे कोणाला नवल वाटत नाही. नवल वाटते ते मादीच्या अंडपेशीपासून, शुक्राणूचा स्पर्श न होता, पिल्लू तयार होते तेव्हा. याला अनिषेकजनन म्हणतात. मगरीच्या बाबतीत जे झाले ते हेच.

अनिषेकजनन दुर्मीळ आहे, हा आपला समज केवळ मोठ्या प्राण्यांकडे पाहून झालेला आहे. हिवाळ्यात मराठवाड्यातल्या करडईच्या शेतात शेंड्यांवर काळा मावा दाटून बसतो. भिंगातून पाहिले तर त्या गर्दीतल्या एखाद्या फुगीर मादीच्या मागच्या टोकातून जिवंत पिल्लू, पाय मागे आणि डोके शेवटी, अशा स्थितीत बाहेर पडताना दिसते. त्या शेंड्यावर नर शोधूनही सापडत नाही, कारण या पिढ्यांत नर नसतोच. शिवाय जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीचे भ्रूण आधीच वाढू लागलेले असतात. आज दोन-चार किडे दिसलेले शेत आठवड्याभरात मावा आणि त्याच्या चिकट स्रावाने भरून जाते, त्याचे कारण हेच आहे.

जिनिव्हाच्या शार्ल बोने या तरुण निसर्गअभ्यासकाने १७४० मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिले. त्याने नुकतेच जन्मलेले मावा किडीचे एक पिल्लू इतरांपासून पूर्णपणे वेगळे ठेवले आणि त्यावर सतत पहारा ठेवला. मोठे झाल्यावर त्या एकट्या मादीने ९५ पिल्लांना जन्म दिला. मीलनावाचून प्राण्याला संतती होत नाही, या समजाला त्यामुळे पहिला मोठा तडा गेला.

मधमाशीत तर ही व्यवस्था रोजच्या कारभाराचा भाग आहे. आपल्याकडच्या सातेरी मधमाशीच्या पोळ्यातही राणी दोन प्रकारची अंडी घालते. फलित अंड्यातून कामकरी माशी किंवा नवी राणी होते आणि अफलित अंड्यातून नर होतो. सायलेशियातील धर्मगुरू आणि मधमाशीपालक यान झेर्झोन यांनी १८४५ मध्ये हे मांडले तेव्हा त्यांना बराच विरोध झाला. पुढे सूक्ष्मदर्शकाखालच्या अभ्यासाने त्यांचे म्हणणे खरे ठरले. राणी आणि कामकरी माश्यांच्या पेशीत ३२ गुणसूत्रे असतात, नराच्या पेशीत १६. म्हणजे नर मधमाशीला बाप नसतो, पण आईकडून आजोबा मात्र असतो.

आणि वाळा. महाराष्ट्रातील बागांत कुंडी हलवली किंवा पावसाळ्यात ओली माती उकरली की जेमतेम वीतभर लांबीचा, काळसर तपकिरी, चकचकीत असा हा साप वळवळताना दिसतो आणि बहुतेक लोक त्याला गांडूळ समजतात. जवळून पाहिले तर अंगावर गांडुळासारखी वलये नसून गुळगुळीत खवले असतात, डोळ्यांच्या जागी खवल्याखाली दोन काळे ठिपके असतात आणि शेपटीच्या टोकाला लहानसा काटा असतो. मुंग्या आणि वाळवीची अंडी, अळ्या हे त्याचे खाद्य असून तो पूर्णपणे बिनविषारी आहे. या जातीचे आजवर तपासलेले सर्व साप मादी निघाले आहेत. त्यांच्या पेशींत गुणसूत्रांचे नेहमीचे दोन नव्हे, तर तीन संच असतात. कुंडीतल्या मातीतून एक मादी दुसऱ्या देशात गेली तरी तिथे तिची वसाहत होऊ शकते, आणि झाडांच्या व्यापाराबरोबर हा साप खरोखरच जगाच्या उष्ण प्रदेशांत जवळजवळ सर्वत्र पोहोचला आहे. सापांमध्ये इतका दूरवर पसरलेला दुसरा साप नाही.

मग मगरीत नेमके काय घडले?

मावा आणि वाळा यांच्यासाठी अनिषेकजनन हा नेहमीचा मार्ग आहे. मगर नेहमी नराशी मीलन करूनच प्रजनन करते. म्हणून तिच्या बाबतीत हा अपवाद ठरतो. अंडपेशी तयार होताना मूळ पेशीचे असमान विभाजन होते. एक मोठी अंडपेशी तयार होते आणि काही अगदी लहान पेशी बाजूला पडतात. या लहान पेशींत गुणसूत्रे असतात, पण त्या सहसा नष्ट होतात. क्वचित त्यांपैकी एक पेशी अंडपेशीत मिसळते आणि शुक्राणूने पुरवायचा गुणसूत्रांचा दुसरा संच अशा रीतीने आईकडूनच मिळतो. त्यानंतर भ्रूणाची वाढ सुरू होते.

येथे एक शंका रास्त आहे. पूर्वी कधीतरी झालेल्या मीलनातले शुक्राणू मादीने साठवून ठेवले असतील, असे का नसावे? अनेक सापांच्या माद्या शुक्राणू वर्षानुवर्षे साठवू शकतात हे खरे आहे, आणि म्हणूनच पूर्वी अशा घटनांचा निकाल लागत नसे. डीएनए तपासणी आल्यानंतर मात्र हा प्रश्न सुटू लागला. पिल्लात आईकडे नसलेला एकही जनुकीय खुणेचा भाग आढळला नाही, तर बाप होता असे म्हणता येत नाही. २००६ मध्ये इंग्लंडमधील चेस्टर आणि लंडन येथील प्राणिसंग्रहालयांतल्या कोमोडो ड्रॅगन या मोठ्या सरड्यांबाबत आणि २००१ मध्ये अमेरिकेतील ओमाहा येथे जन्मलेल्या हातोडी मुशीच्या पिल्लाबाबत याच पद्धतीने निर्णय झाला. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया काँडोर या गिधाडाच्या दोन नरांना बाप नसल्याचे जाहीर झाले; त्यांच्या आया तर नरांच्या सहवासातच राहत होत्या. म्हणजे नर उपलब्ध नसला तरच असे घडते, ही समजूतही पूर्ण बरोबर नाही.

माणसात असे का घडत नाही?

निसर्गात सस्तन प्राण्यांमध्ये बापाविना जन्मलेल्या पिल्लाचे एकही उदाहरण सिद्ध झालेले नाही. स्त्रीची अंडपेशी फलनाशिवाय कधीकधी विभागू लागते, पण त्यातून बाळ होत नाही. अंडाशयातील डर्मॉइड सिस्ट ही गाठ स्त्रीरोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाची असते. शस्त्रक्रियेनंतर ती कापली तर आत केस, चरबी, कधी दातही आढळतात. अंडपेशीने फलनावाचून वाढ सुरू केली आणि ती कोणत्याही शिस्तीविना होत राहिली, की अशी गाठ बनते. ती दिसायला विचित्र असली तरी तिच्यात लाजण्यासारखे किंवा दैवी कोपाचे काही नाही. वेळेवर काढून टाकली की बहुतेक रुग्णांचा प्रश्न मिटतो.

या अडथळ्याचे मूळ कारण १९८४ मध्ये केंब्रिजमधील अझीम सुरानी आणि अमेरिकेतील डावोर सोल्टर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे केलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढे आले. गुणसूत्रांचे दोन्ही संच आईचे असलेला भ्रूण काही काळ वाढला, पण त्याची वार, म्हणजे गर्भाला पोषण पुरवणारा अवयव, नीट बनली नाही. दोन्ही संच बापाचे असलेल्या भ्रूणात वारेच्या ऊती वाढल्या, पण भ्रूण खुंटला. याचा अर्थ असा की आईकडून आलेले आणि बापाकडून आलेले गुणसूत्र अक्षरशः सारखे असले तरी त्यांवर निरनिराळी रासायनिक छाप असते. काही जनुके फक्त बापाकडून आली तरच काम करतात आणि काही फक्त आईकडून आली तर. उंदरात अशी शंभरहून अधिक जनुके माहीत आहेत. बापाचा वाटाच नसेल तर वाढीसाठी लागणारी कित्येक जनुके मुकी राहतात.

ही छाप माणसाच्या हाताने बदलली तर? टोकियोमधील तोमोहिरो कोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दोन माद्यांची जनुके एकत्र आणून ‘कागुया’ नावाची उंदीर मादी जन्माला घातली. त्यासाठी ४५७ अंडपेशी रचाव्या लागल्या. त्यांतून १० जिवंत पिल्ले झाली आणि एकच प्रौढ झाली. २०२२ मध्ये चीनमधील संशोधकांनी एकाच अफलित अंडपेशीतील ठरावीक जनुकांची छाप बदलून उंदराचे पिल्लू मिळवले. हे प्रयोग महत्त्वाचे आहेत, कारण अडथळा कोठे आहे हे त्यांनी निश्चित दाखवले. पण एवढ्या अपयशांतून एक पिल्लू जगते, अशा पद्धतीचा माणसावर विचार करणेही अनैतिक आहे, आणि ‘आता पुरुषांची गरज उरली नाही’ अशा मथळ्यांना त्यात कोणताही आधार नाही.

नराशिवाय भागत असेल, तर नर हवेतच कशाला?

हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. एकट्याने प्रजनन करणाऱ्या मादीची प्रत्येक संतती पुढे स्वतः संतती देऊ शकते. नर जन्माला घालण्यात तिची शक्ती खर्च होत नाही. मग सगळ्याच जीवांनी हा मार्ग का धरला नाही?

याचे उत्तर जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावलच्या केळीच्या बागांकडे पाहून समजते. तिथे मोठ्या क्षेत्रावर असलेली ग्रँड नैन ही जात कॅव्हेंडिश गटातली आहे. खाण्याच्या केळीत बी नसते, म्हणून तिची लागवड कंदापासून किंवा ऊतिसंवर्धित रोपांपासून होते. बागेतले प्रत्येक झाड जनुकांच्या दृष्टीने शेजारच्या झाडासारखेच असते, म्हणूनच घड एका वेळी तयार होतात, आकार सारखा मिळतो आणि बाजाराला ते सोयीचे पडते. पण जो रोग एका झाडाला मारू शकतो तो सगळ्यांना मारू शकतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाच्या बाजारात ग्रोस मिशेल ही जात होती. मातीतल्या बुरशीमुळे होणाऱ्या पनामा मर रोगाने तिचे मळे इतके उद्ध्वस्त केले की १९६० पर्यंत व्यापाराला कॅव्हेंडिशकडे वळावे लागले. आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आणि भारतात तो बिहार व उत्तर प्रदेशात आढळलेला आहे. दुसऱ्या राज्यातून किंवा रोगट बागेतून कंद आणू नका, असे शेतकऱ्यांना पुन्हापुन्हा का सांगितले जाते, ते यावरून लक्षात यावे.

लैंगिक प्रजननात दर पिढीला जनुकांची नवी मांडणी होते. एखाद्या रोगाने बहुतेक मेले तरी काही तगून राहतात. मावा कीडही थंड प्रदेशात वर्षातून एकदा, हिवाळ्याच्या तोंडावर, नर निर्माण करून मीलनानंतर अंडी घालते; उरलेले वर्ष एकटीचा कारभार चालतो. दोन्ही मार्गांचा फायदा घेणारा हा क्रम मला निसर्गातल्या सर्वांत सुज्ञ व्यवस्थांपैकी एक वाटतो.

दुसरा अर्थ: सगळ्यांचे मूळ एकच

आता जनक बाजूला ठेवून पूर्वजाकडे वळू. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये असे अनुमान मांडले की पृथ्वीवरील सर्व सजीव बहुधा एकाच आदिरूपापासून आलेले असावेत. त्यांच्याजवळ डीएनएची माहिती नव्हती. आज आपल्याजवळ ती आहे आणि त्या अनुमानाचा सर्वांत ठोस पुरावा मधुमेहाच्या लाखो रुग्णांच्या घरातल्या फ्रिजमध्ये ठेवलेला असतो. पूर्वी इन्सुलिन गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढावे लागे. मानवी इन्सुलिनची माहिती असलेला डीएनए जिवाणूत घालून तयार केलेल्या इन्सुलिनला १९८२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. जिवाणूने आयुष्यात कधी माणूस पाहिलेला नाही, त्याला रक्त नाही, साखर वाढण्याचा त्रास नाही. तरीही त्याने तो डीएनए वाचून माणसाचेच इन्सुलिन बनवले. कारण डीएनएमधल्या तीन-तीन अक्षरांच्या गटांचा अर्थ लावण्याची पद्धत जिवाणूपासून माणसापर्यंत, किरकोळ अपवाद वगळता, एकच आहे. प्रथिने बांधणारी रायबोसोम ही यंत्रणा आणि एटीपी हे ऊर्जेचे चलनही सर्व पेशींमध्ये समान आहे. इतक्या तपशिलात जुळणारी व्यवस्था अनेकदा स्वतंत्रपणे उगवली असेल, हे अत्यंत असंभाव्य आहे.

या समान पूर्वजाला ल्यूका म्हणतात. सर्व सजीवांचा शेवटचा सामाईक पूर्वज असा त्याचा अर्थ. २०२४ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासाने त्याचा काळ सुमारे ४२० कोटी वर्षांपूर्वीचा ठरवला. मात्र ‘शेवटचा सामाईक’ या शब्दांकडे नीट लक्ष द्यायला हवे. ल्यूका हा पहिला सजीव नव्हता आणि त्या वेळचा एकमेव सजीवही नव्हता. त्या अभ्यासानुसार तो बराच गुंतागुंतीचा सूक्ष्मजीव होता आणि इतर सूक्ष्मजीवांच्या संगतीत राहत होता. इतरांचे वंश पुढे संपले; याचा वंश टिकला. शिवाय जिवाणू एकमेकांना जनुके आडवीही देतात, त्यामुळे सुरुवातीच्या काळातील वंशवृक्षाच्या फांद्या एकमेकींत अडकलेल्या आहेत. एकोद्भव मान्य करताना एवढी सावधगिरी बाळगावी लागते.

सर्व माणसे एकाच आईची लेकरे आहेत का?

१९८७ मध्ये अमेरिकेतील रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी जगाच्या विविध भागांतील १४७ व्यक्तींच्या मायटोकाँड्रियातील डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतील ऊर्जा निर्माण करणारे घटक. त्यांचा डीएनए फक्त आईकडून मिळतो. त्या अभ्यासातून सर्वांचा हा धागा सुमारे दोन लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत राहिलेल्या एका स्त्रीपर्यंत जातो, असे दिसले. वृत्तपत्रांनी तिला ‘ईव्ह’ म्हटले आणि जगाची सुरुवात एका जोडप्यापासून झाली हे विज्ञानाने सिद्ध केले, अशी समजूत पसरली.

ती समजूत चुकीची आहे. एखाद्या लहान गावात दहा आडनावांची घराणी आहेत असे समजा. आडनाव मुलाकडून पुढे जाते. ज्या घरात एखाद्या पिढीत मुलगे झाले नाहीत, ते आडनाव तिथे थांबते. पुरेशा पिढ्या गेल्या तर गावात एकच आडनाव उरू शकते. पण म्हणून बाकीच्या नऊ घराण्यांचे रक्त संपले असे होत नाही; त्यांच्या मुलींच्या द्वारे ते गावातल्या प्रत्येकात उतरलेले असते. मायटोकाँड्रियाच्या डीएनएचे असेच आहे, फक्त तो मुलींकडून पुढे जातो. त्या स्त्रीच्या काळात हजारो स्त्री-पुरुष होते आणि त्यांची जनुके आपल्यात आहेत. एका धाग्याचे मूळ एक आहे, सर्व मानवजातीचे मूळ एकच जोडपे आहे असे नाही.

या अर्थाच्या इतिहासाची एक काळी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील सॅम्युअल मॉर्टन, जोसाया नॉट, लुई आगासी अशा नामवंतांनी मानवाचे निरनिराळे वंश स्वतंत्रपणे निर्माण झाले असे मत मांडले. या बहूद्भववादाचा उपयोग गुलामगिरीचे समर्थन करण्यासाठी उघडपणे केला गेला. डार्विन यांनी १८७१ मध्ये सर्व मानवांचे मूळ एकच असल्याचे पुरावे मांडले, आणि उत्क्रांतीचे तत्त्व एकदा मान्य झाले की हा वाद आपोआप संपेल असे म्हटले. जनुकशास्त्राने त्यांचे म्हणणे खरे ठरवले: माणसांमधली बहुतांश जनुकीय विविधता एकाच समूहाच्या आतली असते, समूहासमूहांमधली थोडी.

तिसरा अर्थ: आयुष्याचा सरळ मार्ग

तिसरा अर्थ सर्वांत कमी परिचयाचा आहे, पण पशुपालक आणि मत्स्यशेतकरी यांच्या दृष्टीने तोच सर्वांत उपयोगाचा. बेल्जियमचे प्राणिशास्त्रज्ञ प्येर-जोझेफ व्हान बेनेदेन चपट्या परजीवी कृमींचा अभ्यास करीत होते. १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी या कृमींचे दोन गट पाडले. परजीवी ज्याच्या शरीरावर जगतो त्या प्राण्याला पोषक म्हणू. एका गटातील कृमी आपले आयुष्य एकाच पोषकावर पूर्ण करतात आणि अंड्यातून निघालेला जीव थेट जनकासारखा होतो. हे एकोद्भवी, म्हणजे मोनोजेनिया. दुसऱ्या गटाला आयुष्य पुरे करण्यासाठी दोन किंवा अधिक पोषक आणि मध्ये निराळ्या रूपाच्या पिढ्या लागतात, हे द्वयुद्भवी.

गाई-म्हशींच्या यकृतातला पर्णकृमी दुसऱ्या गटातला आहे. त्याची अंडी शेणातून पाण्यात जातात. त्यांतून निघालेला सूक्ष्म डिंभ, म्हणजे अळीसारखा बालजीव, गोड्या पाण्यातल्या गोगलगाईत शिरतो. तिच्या शरीरात त्याच्या एकामागून एक निराळ्या रूपाच्या पिढ्या होतात आणि एका डिंभाचे असंख्य डिंभ बनतात. ते बाहेर पडून पाणथळ जागेतल्या गवताला चिकटतात आणि ते गवत खाणाऱ्या जनावराच्या यकृतात पोहोचतात. गोगलगाय नसेल तर हा क्रम तुटतो. म्हणूनच पशुवैद्य औषधाबरोबरच ओढ्याकाठच्या, दलदलीच्या जागी जनावरे चारू नका आणि गोगलगाईंचा बंदोबस्त करा असे सांगतात.

माशांच्या कल्ल्यांवर बसणारा डॅक्टिलोगायरस पहिल्या गटातला आहे. त्याच्या अंड्यातून निघालेला डिंभ पाण्यात थोडा वेळ पोहतो आणि सरळ माशाच्या कल्ल्याला चिकटून मोठा होतो. मध्ये गोगलगाय नाही, निराळी पिढी नाही. रोहू-कटलाच्या तळ्यात या कृमीमुळे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले तर गोगलगाईंच्या मागे लागून काहीही उपयोग नाही. येथे रोग पसरवणारी मुख्य गोष्ट म्हणजे माशांची दाटी. बीज प्रमाणात सोडणे, बाहेरून आणलेले बीज काही दिवस वेगळे ठेवणे आणि तज्ज्ञाच्या सल्ल्याने औषधी पाण्यात बुडवणे हेच उपाय कामी येतात. कृमी कोणत्या गटातला आहे यावर सगळा उपचार अवलंबून असतो.

कोणता अर्थ खरा धरायचा?

तिन्ही खरे आहेत. कोणता लागू करायचा हे वाक्याच्या विषयावरून ठरवावे. वंशवृक्षाची, मानववंशाची किंवा भाषांच्या उगमाची चर्चा असेल तर पूर्वजाचा अर्थ घ्यावा. संततीची चर्चा असेल तर जनकाचा. परजीवीच्या आयुष्यक्रमाची असेल तर तिसरा. संततीबद्दल बोलताना आजचे शास्त्रज्ञ मोनोजेनेसिस हा शब्द क्वचितच वापरतात. अलैंगिक प्रजनन किंवा अनिषेकजनन असे नेमके शब्द ते पसंत करतात, आणि वार्ताहरांनीही तसेच करावे.

तरीही एका जिवात जनक आणि आयुष्यक्रम हे दोन्ही अर्थ एकत्र येतात, आणि तेव्हा परिणाम भयंकर होतो. गायरोडॅक्टिलस हा मोनोजेनिया गटातला, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा कृमी माशांच्या त्वचेवर राहतो. मागच्या टोकाला असलेल्या दोन मोठ्या आणि सोळा लहान आकड्यांनी तो त्वचेला धरून ठेवतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पारदर्शक शरीरात वाढलेले पिल्लू दिसते आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढचे पिल्लू, त्याच्याही आकड्यांसह. पहिले पिल्लू मीलनावाचून होते, दुसरे अनिषेकजननाने, त्यापुढे मीलन शक्य असते. त्याला मध्यस्थ पोषक लागत नाही आणि जोडीदारही लागत नाही. एका माशावर पोहोचलेला एकच कृमी साथ सुरू करू शकतो.

१९७० च्या दशकात या कृमीची सॅलारिस ही जात बाल्टिक प्रदेशातून आणलेल्या माशांबरोबर नॉर्वेत पोहोचली. बाल्टिकमधल्या सॅमन माशांना तिची सवय होती. नॉर्वेच्या सॅमनला नव्हती. पुढच्या काही दशकांत सुमारे ५० नद्यांमध्ये ती पसरली आणि लहान सॅमन मोठ्या प्रमाणात मेले. गोगलगाईसारखा तोडता येण्याजोगा दुवा तिच्या आयुष्यात नसल्यामुळे नॉर्वे सरकारला फार कठोर उपाय करावा लागला: नदीत रोटेनोन हे विष सोडून तिथले सर्व मासे मारायचे, म्हणजे पोषकाविना कृमी मरेल, आणि मग आधी जपून ठेवलेल्या वंशाचे सॅमन पुन्हा सोडायचे. बहुतेक नद्या अशा रीतीने मुक्त झाल्या. आजही तिथे एका नदीतून दुसऱ्या नदीकडे जाणाऱ्या मासेमाराला आपले गळ, जाळी आणि बूट पूर्ण कोरडे किंवा निर्जंतुक करून घ्यावे लागतात, कारण ओल्या जाळीबरोबर गेलेला एक कृमीही पुरेसा असतो.